व्हायोलिनची तार वारंवार एकाच जागी उसवते किंवा तुटते : तात्पुरती दुरुस्ती आणि कारणाचा शोध

व्हायोलिनच्या जी, डी, ए, ई या चार तारांपैकी ए तार दर काही महिन्यांनी त्याच जागी उसवते, किंवा ई तार सुरात घेताना दर वेळी टेलपीसपाशीच, म्हणजे तारांची खालची टोके अडकवण्याच्या पट्टीपाशीच तुटते, ही तक्रार शिकणाऱ्या मुलांकडून ऐकू येते, तशीच मैफली करणाऱ्या वादकांकडूनही. पहिला राग तारेवर निघतो. अधिक महाग तार आणली जाते आणि तीही त्याच जागी गेली की वादक हताश होतो. तारेची कंपनी बदलूनही तुटण्याची जागा बदलत नसेल, तर दोष तारेत नाही. तो वाद्यावरच्या एखाद्या कडेत, खाचेत, आकड्यात किंवा सूर मिळवण्याच्या आपल्या सवयीत आहे, आणि तुटलेली तार त्याचा पत्ता सांगत असते. म्हणून कार्यक्रम निभावण्यापुरती दुरुस्ती कशी करावी हे सांगतानाच, ती तार फेकून देण्याआधी तिच्याकडून काय समजून घ्यावे, हेही येथे सविस्तर लिहिले आहे.

सतार, तंबोरा किंवा दिलरुबा यांच्या तारा वेटोळ्यातून हव्या तेवढ्या लांबीच्या कापून घेता येतात, त्यामुळे त्या दुरुस्त करण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. व्हायोलिनची तार मात्र ठरावीक लांबीची, एका टोकाला टेलपीसमध्ये अडकणारा मणी आणि बहुधा दोन्ही टोकांना रंगीत रेशमाचे वेष्टण घेऊनच कारखान्यातून येते. चांगली तार महाग असते आणि मोठे शहर सोडले तर ऐन वेळी दुकानात मिळेल याची खात्री नसते. संध्याकाळी सहाला कार्यक्रम आणि दुपारी चारला तार गेलेली, अशा वेळी दुरुस्तीचे ज्ञान खरोखर उपयोगी पडते.

आधी नेमकी जागा पाहावी

पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर नटपासून (खुंट्यांच्या बाजूची, तारांच्या खाचा असलेली आडवी पट्टी) घोडीपर्यंतचा (तारा उचलून धरणारा लाकडी पूल) वाजणारा भाग सुमारे ३२.५ सेंटिमीटर असतो. खुंटीपासून नटपर्यंतचा आणि घोडीपासून टेलपीसपर्यंतचा, असे दोन भाग मुके असतात. घोडीमागचा मुका भाग साधारण साडेपाच सेंटिमीटर भरतो. पुढचे सगळे निर्णय या विभागणीवर अवलंबून आहेत. मुक्या भागात गाठ मारली, दोरा गुंडाळला किंवा जोड दिला तरी सुराला फारशी बाधा येत नाही, त्या जोडाने ताण पेलला म्हणजे झाले. वाजणाऱ्या भागात मात्र तारेची जाडी आणि वजन सर्वत्र सारखे असावे लागते. तेथे गाठ कधीच चालत नाही, आणि वजनात एका जागी थोडा जरी फरक पडला तरी मोकळी, म्हणजे बोट न ठेवता वाजवलेली तार सुरात असूनही बोटाखालचे स्वर आपापल्या जागी लागत नाहीत.

तार आतून कशी असते तेही ध्यानात घ्यावे. ई तार बहुधा एकपदरी पोलादी असते आणि तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते. ए, डी आणि जी या तारांच्या आत गाभा असतो व त्यावर ॲल्युमिनियमची किंवा चांदीची अतिशय पातळ पट्टी पेचदार गुंडाळून वेष्टण केलेले असते. हा गाभा पूर्वी तातीचा, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या दोऱ्याचा असे. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्ड कंपनीने १९७० मध्ये डॉमिनंट तारा आणल्यानंतर कृत्रिम धाग्याचा गाभा रुळला, आणि विद्यार्थ्यांच्या स्वस्त संचांमध्ये पोलादी गाभा असतो. गाभा कोणता आहे हे संचाच्या पाकिटावर पाहून ठेवावे, कारण तातीच्या आणि कृत्रिम गाभ्याच्या तारेला गाठ घालता येते, पोलादी गाभ्याच्या तारेला घालता येत नाही. पोलाद गाठीच्या वळणावर मोडते.

वेष्टण उसवलेले दिसले की गाभा शाबूत आहे की नाही, हे सर्वांत आधी तपासावे. तार सुरात घेतल्यावर हात न लावताही सूर सारखा खाली खाली जात राहिला, किंवा उसवलेल्या जागी तार बारीक झालेली दिसली, तर गाभ्याचे धागे तुटू लागले आहेत. ती तार दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. सूर स्थिर राहत असेल तर आणखी एक परीक्षा घ्यावी. तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसते टेकवून निघणारा स्वर आणि त्याच जागी बोट दाबून निघणारा स्वर एकच असायला हवा. दोहोंत स्पष्ट अंतर पडत असेल तर तारेचे वजन एकसारखे उरलेले नाही, आणि अशी तार जोडूनही मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाताना, सतत दगा देईल.

वेष्टण उसवले असेल तर

सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच. ए तारेवर, नटपासून तीन-चार सेंटिमीटरच्या टापूत, जेथे पहिले बोट दिवसभर पडते तेथे ॲल्युमिनियमची पट्टी आधी निस्तेज होते, मग खडबडीत लागू लागते आणि एके दिवशी तिचा एक वेढा मोकळा होऊन वर उभा राहतो. घामाने ॲल्युमिनियम खात जाते; कोकणपट्टी, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत हे लवकर घडते. शिवाय पं. गजाननबुवा जोशी, पं. विष्णु गोविंद जोग, पं. डी. के. दातार यांच्यासारख्या वादकांनी आपल्याकडे रुजवलेल्या गायकी अंगाच्या वादनात बोट तारेवरून लांबपर्यंत घासत जाते. त्यामुळे केवळ बोट उचलून ठेवणाऱ्या वादकापेक्षा मींड घेणाऱ्याची तार लवकर झिजणे स्वाभाविक आहे. तो तारेचा दोष मानू नये.

मोकळे झालेले टोक ओढून काढण्याचा मोह आवरावा. ओढले की पट्टी धाग्यासारखी उलगडत जाते आणि दोन मिलिमीटरची जखम दोन सेंटिमीटरची होते. शिवाय तिचे टोक पात्यासारखे लागते. तार पूर्ण सैल न करता तिचा सूर चार-पाच स्वर खाली आणावा. पूर्ण ताण असताना वेढे बसत नाहीत आणि तार अगदी ढिली केली तर उरलेले वेढेही सरकू लागतात. मग कोरड्या सुती कापडाने ती जागा पुसावी. बोटांना खोबरेल तेल लावून वाजवण्याची सवय असेल तर हे पुसणे दोन-तीनदा, कापडाची कोरडी बाजू घेऊन करावे, कारण तेलाच्या थरावर कोणताही डिंक धरत नाही. स्पिरिट वापरायचे असेल तर कापसाला अगदी थोडे लावून केवळ तारेवर वापरावे. त्याचा थेंब वाद्यावर पडला तर पॉलिश कायमचे जाते.

आता मोकळा वेढा अंगठ्याच्या नखाने मूळ पेचाच्या दिशेनेच परत बसवावा. बसण्यासारखा नसेल, म्हणजे पट्टी वाकून मुरगळली असेल, तर नखे कापण्याच्या कटरने ती तारेच्या अगदी लगत कापून टाकावी. तारेखाली, फिंगरबोर्डवर (ज्या लांब पट्टीवर बोटांनी तारा दाबतात तिच्यावर), पोस्टकार्डासारख्या जाड कागदाची पट्टी सरकवावी. फेविक्विकचा थेंब थेट तारेवर कधीही सोडू नये. तो कागदावर काढून टाचणीच्या टोकाने उचलावा आणि वेष्टणाच्या उघड्या कडेला, दोन्ही बाजूंना, टाचणीचे टोक नुसते टेकवावे. टेकवताच तो आत ओढला जातो. जेवढा कमी तेवढा चांगला, कारण जास्तीचा डिंक तारेवर गाठीसारखा सुकतो आणि बोटाला टोचतो. दहा-पंधरा मिनिटे हात लावू नये. सुकल्यावर अत्यंत बारीक पॉलिश पेपरचा लहान तुकडा चिमटीत धरून ती जागा दोन-तीन वेळा हलकेच घासावी. बोट फिरवल्यावर काही अडकले नाही म्हणजे पुरे. त्यानंतर तार सावकाश, थोडी थोडी थांबत, सुरात आणावी.

अशी तार थोडी बुजलेली वाजते. त्या जागी पडणारा स्वर किंचित सरकलेला लागू शकतो, तो कार्यक्रमाआधी कानाने हेरून ठेवावा. एखाद-दोन बैठकी ती निभावते. रोजच्या रियाजासाठी मात्र ती ठेवू नये, कारण बेसूर तारेवर बोटांना लागलेली सवय मोडायला फार त्रास पडतो. फिंगरबोर्डच्या शेवटापासून घोडीपर्यंतच्या, म्हणजे गज फिरतो त्या टापूत वेष्टण उसवले असेल, तर ही दुरुस्ती करूच नये. तेथे गजाचे केस उघड्या कडेत अडकून तुटतात, राळेची पूड फटीत साचते आणि तार खरखरते. ती तार बदलावी.

सारंगीचे वादक तातीच्या तारेवर केसासारखे तंतू निघू लागले की ते ओढत नाहीत, लहान कात्रीने तारेलगत कापतात. तातीच्या गाभ्याची व्हायोलिनची तार वापरणाऱ्यांनीही हीच पद्धत ठेवावी.

दुखावलेली जागा बोटाखालून सरकवणे

फेविक्विकपेक्षा मला हा उपाय अधिक पसंत आहे, कारण तारेवर काही चिकटवण्याऐवजी तो तिची दुखरी जागाच हलवतो. तारेची मण्याकडची बाजू थोडी लांब केली, तर संपूर्ण तार खुंटीच्या दिशेने तेवढीच सरकते, आणि नटच्या जवळची खराब जागा नट ओलांडून मुक्या भागात जाते. मोकळ्या तारेवर सा असेल तर कोमल रे नटपासून सुमारे १८ मिलिमीटरवर आणि शुद्ध रे सुमारे ३६ मिलिमीटरवर लागतो. म्हणजे कोमल रेच्या जागी उसवलेली तार २३-२४ मिलिमीटर सरकवली, तर उसवलेला भाग नटच्या पलीकडे पाच-सहा मिलिमीटर जाऊन बसतो. नटच्या खाचेत नेमका उसवलेला भाग येऊ देऊ नये; तेथे तो तासाभरात पूर्ण फाटेल. शुद्ध रेची जागा खराब असेल तर ती एवढ्या सरकण्याने नट ओलांडू शकत नाही, पण नट आणि पहिले बोट यांच्या मध्ये जाते. कोमल स्वर न लागणाऱ्या रागात तेवढेही पुरते, आणि मधल्या जागी ती फेविक्विकने निर्धोक बांधताही येते.

पद्धत अशी. व्हायोलिनच्या तारेचा मणी म्हणजे धातूचे लहान कडे असते आणि तार त्याच्या बाहेरच्या खोबणीतून वळवलेली असल्यामुळे कड्याचे भोक मोकळे राहते. या भोकातून मासेमारीची विणलेली दोरी ओवावी, तिचा दुपदरी फास करावा आणि दोन्ही टोके एका जुन्या तारेच्या सुट्या मण्याला बांधावीत. जुना मणी टेलपीसच्या खाचेत किंवा फाईन ट्यूनरच्या (सूर बारीक मिळवण्याच्या, टेलपीसवरच्या स्क्रूच्या) आकड्यात बसतो आणि मूळ मणी त्याच्यापुढे घोडीच्या दिशेने येतो. ए तारेवर साधारण साडेपाच किलोचा ताण असतो, म्हणून किमान वीस किलो पेलणारी दोरी घ्यावी. एकपदरी नायलॉनची पारदर्शक दोरी टाळावी. ती तासन्तास ताणत राहते आणि सूर उतरत जातो. गाठ मारून झाल्यावर ती हाताने जोरात ओढून आधीच आवळून घ्यावी, म्हणजे वाद्यावर चढवल्यावर सरकणे उरत नाही.

येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळायची आहे. तार पुढे सरकली की मण्याकडचे रंगीत रेशीमही घोडीकडे सरकते. रेशीम घोडीवर चढले तर आवाज एकदम कोंदट होतो आणि घोडीची खाचही रुंदावते. म्हणून आधी रेशमाचे टोक आणि घोडी यांच्यातले अंतर मोजावे आणि त्यातून चार-पाच मिलिमीटर वगळून जेवढे उरेल तेवढेच सरकवावे. ते अंतर अपुरे असेल तर हा उपाय त्या तारेला लागू नाही. खुंटीकडे मात्र अडचण येत नाही. वाढलेली लांबी एक फेरा जास्त घेऊन सामावते.

खुंटीजवळ तुटलेली तार

नट आणि खुंटी यांच्या मध्ये, किंवा खुंटीच्या भोकाशी तार तुटली असेल तर तिला पुढे तुकडा जोडता येतो. डी आणि ए यांच्या खुंट्या नटपासून लांब असल्यामुळे त्या तारांना जोडासाठी पुरेशी जागा मिळते. जी आणि ई यांच्या खुंट्या नटला लागूनच असतात, तेथे जोड बहुधा नटच्या खाचेत किंवा खुंटीवर येतो आणि दोन्ही ठिकाणी तो निकामी ठरतो. जोडासाठी त्याच जातीच्या जुन्या तारेचा खुंटीकडचा रेशीम असलेला तुकडा घ्यावा. तुटलेल्या टोकाचे वेष्टण गाठीत उलगडते, म्हणून आधी शिवणाचा मेण लावलेला दोरा त्या टोकावर सेंटिमीटरभर घट्ट गुंडाळून बांधावा.

गाठ विणकरांची घ्यावी. म्हणजे मूळ तारेचे टोक दुमडून त्याचा फास करावा, जोडतुकडा फासाच्या खालून वर काढावा, फासाच्या दोन्ही पदरांना मागून दोन वेढे द्यावेत आणि त्याचे टोक स्वतःच्याच उभ्या पदराखालून बाहेर काढावे. साधी दुहेरी गाठ या गुळगुळीत तारेवर सरकते. दुमडण्यासाठी नटच्या पलीकडे निदान दोन-अडीच सेंटिमीटर तार उरलेली हवी. उरली नसेल तर वर सांगितलेल्या दोरीच्या फासाने तार आधी पुढे सरकवून तेवढी लांबी मिळवता येते. दोन्ही उपाय एकत्र वापरून नटवरच तुटलेली डी तारही उभी राहते. गाठ शेजारच्या तारेला किंवा खुंटीघराच्या भिंतीला घासत नाही ना, हे पाहावे. कार्यक्रम संपताच अशी तार दोन स्वर उतरवून ठेवावी. रात्रभर पूर्ण ताणावर ठेवलेली गाठ सकाळपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही.

ई तार टेलपीसपाशी तुटली तर

एकपदरी पोलादी ई तार मण्याच्या, किंवा मण्याऐवजी फास असेल तर त्याच्या मानेशी तुटते, आणि सुदैवाने तेथेच ती चांगली दुरुस्तही होते. त्यासाठी लागणारी लांबी खुंटीवर असते. खुंटीचा तारेखालचा व्यास सात-आठ मिलिमीटर असतो, म्हणजे एक फेरा सुमारे २२ ते २५ मिलिमीटर तार देतो. खुंटीवर पाच फेरे असतील तर दोन सोडून तीन ठेवता येतात. तीनपेक्षा कमी फेऱ्यांवर ई तार सरकते.

तारेचे तुटके टोक जुन्या मण्याच्या खोबणीभोवती वळवून, चिमट्याने मणी धरून, टोक तारेच्याच अंगाभोवती सहा-सात वेळा एकमेकांना चिकटलेले घट्ट पीळ देत गुंडाळावे. पहिला पीळ मण्यापासून तीन-चार मिलिमीटरवर यावा. अगदी मण्याला भिडवून दिलेला पीळ तारेला तीक्ष्ण वळण देतो आणि तार तेथेच पुन्हा तुटते. उरलेले टोक कापून दाबून टाकावे. हे करताना डोळ्यांवर चष्मा असू द्यावा. पोलादी तार ताणातून सुटली की चाबकासारखी उसळते, आणि ई तारेवर साडेसात-आठ किलोचा ताण असतो. ई तारेच्या वाजणाऱ्या भागात गंज, चपटी झालेली जागा किंवा मुरड पडली असेल, तर मात्र काहीही करता येत नाही.

तीच जागा पुन्हा पुन्हा का जाते

तुटलेल्या तारेचे टोक भिंगाखाली किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठे करून पाहावे आणि ती तार वाद्यावर जशी होती तशी धरून, तुटलेली जागा कोणत्या भागावर येते हे जुळवून घ्यावे. मण्याकडे तुटत असेल तर फाईन ट्यूनरचा आकडा बोटाने चाचपावा. स्वस्त ट्यूनरच्या आकड्याच्या आतल्या कडेवर ओतकामाची धार राहिलेली असते. गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने ती गोल करावी, म्हणजे वर्षानुवर्षे चाललेले तुटणे थांबते.

नटवर तुटत असेल तर सूर चढवताना कान द्यावा. खुंटी फिरवूनही सूर हलत नाही आणि मग ‘टक्’ असा आवाज होऊन एकदम उडी मारतो, असे होत असल्यास तार खाचेत अडकते आहे. खाच तारेपेक्षा अरुंद आहे किंवा तिची खुंटीकडची कड टोकदार आहे. खाचेचा तळ गोलाकार असावा, ती खुंटीकडे हळूहळू उतरती असावी आणि तार तिच्यात अर्ध्या जाडीपेक्षा अधिक रुतू नये. घासण्याचे काम जपून करावे, कारण नट जास्त खोल गेला तर मोकळी तार फिंगरबोर्डवर आपटू लागते. हात बसलेला नसेल तर ते कारागिराकडून करून घेणे श्रेयस्कर. पण मऊ शिशाच्या, ६बी पेन्सिलीने नटच्या आणि घोडीच्या खाचा काळ्या करणे प्रत्येकाला जमते, आणि ते दर वेळी तार बदलताना करावेच. घोडीवर ई तार लाकडात रुतत असेल तर तेथे चामड्याचा पातळ तुकडा किंवा तारेबरोबर येणारी प्लास्टिकची नळी बसवावी.

खुंटीकडे तुटण्याचे कारण बहुतेकदा फेऱ्यांत असते. फेरे एकावर एक चढवले किंवा तार खुंटीघराच्या भिंतीत चेपली गेली की तेथे ती मोडते. फेरे शेजारी शेजारी, भिंतीच्या दिशेने जाणारे पण भिंतीला न टेकणारे असावेत. पावसाळ्यात फुगलेली खुंटी झटक्याने फिरते आणि एकाच हिसक्यात सूर दोन स्वर पुढे जातो. त्या झटक्यांनीही अनेक तारा जातात. खुंटी आधी थोडी सैल करून मग वर न्यावी.

नखे वाढलेली असणे, आणि फिंगरबोर्डवर मींडेच्या घर्षणाने तारांखाली चर पडलेले असणे, ही वेष्टण उसवण्याची दोन कारणे सहज नजरेआड होतात. फिंगरबोर्डवर उजेड तिरपा पाडून पाहिले तर चर स्पष्ट दिसतात. त्यांच्या कडांवर नवी तारही काही आठवड्यांत खराब होते, आणि त्यावर फिंगरबोर्ड रंधून घेण्याशिवाय उपाय नाही.

आपल्या संगीतात एक कारण आणखी आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई या स्वरांसाठी बनवलेल्या असतात. आपल्याकडे अनेक वादक त्या खालून वर प-सा-प-सा अशा मिळवतात आणि षड्ज गायकाप्रमाणे बदलतो. तारेचा ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हार्मोनियमवरची एक पट्टी, म्हणजे अर्धा स्वर चढवला की ताण सुमारे १२ टक्के, दोन पट्ट्यांना २६ टक्के आणि तीन पट्ट्यांना ४१ टक्के वाढतो. डी तारेवर काळी दोनचा (हार्मोनियमच्या सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा) सा घेतला, तर जी तारेला मंद्र पंचमासाठी काळी पाचपर्यंत, म्हणजे पूर्ण तीन पट्ट्या वर जावे लागते. साधारण साडेचार किलोची तार सव्वासहा किलोच्या पुढे जाते. काळी एकचा सा घेतला तर तीच जी तार एकच पट्टी चढते आणि ई तार तीन पट्ट्या उतरते. आज एका गायकाबरोबर, उद्या दुसऱ्या गायिकेबरोबर, अशी चढउतार करणाऱ्या संगतकाराची जी तार नटवर जात असेल, तर कारण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. त्याने जी तार हलक्या ताणाची घ्यावी, बहुतेक नामांकित कंपन्या त्या स्वतंत्र विकतात; आणि उंच षड्जाच्या कार्यक्रमानंतर वाद्य पेटीत ठेवण्यापूर्वी तार मूळ स्वरावर उतरवावी.

तात्पुरती जुळवलेली तार शक्य तितक्या लवकर काढावी. काढताना एका वेळी एकच तार सैल करावी, कारण चारही तारांचा ताण एकदम गेला तर घोडी पडते आणि आतली साउंडपोस्टची काडीही ढळू शकते. कृत्रिम गाभ्याची नवी तार स्थिर व्हायला काही दिवस घेते, त्यामुळे ती कार्यक्रमाच्या दिवशी चढवू नये. त्याऐवजी संच बदलताना उतरवलेल्या, पण अजून धड असलेल्या तारा सैल वेटोळे करून, पाकिटावर तारेचे नाव आणि उतरवल्याचा महिना लिहून पेटीत ठेवाव्यात. ताणून झालेली अशी तार मध्यंतरात चढवली तरी काही मिनिटांत सूर धरते, आणि ती हाताशी असेल तर वरच्या गाठी बांधण्याची वेळ फारशी येत नाही. त्याच कप्प्यात दोन सुटे मणी, हातभर विणलेली दोरी, मेणाचा दोरा, चिमटा, कटर आणि ६बी पेन्सिल ठेवावी. फेविक्विकची नळी मात्र वाद्याच्या पेटीत ठेवू नये. उन्हात तापलेल्या गाडीत ती फुटली तर वाद्याचे होणारे नुकसान कोणत्याही तारेपेक्षा मोठे असेल.